ताई, माझ्यानंतर माइक कोणाच्या हातात?

ताई, नमस्कार.

मी एडिसन, न्यू जर्सी इथे ३६ वर्षं राहतोय. त्यातली २६ वर्षं आमच्या मंडळाच्या गणपतीचं आणि दिवाळीचं सूत्रसंचालन मी करतो. ऑफिसात मला कोणी विचारत नव्हतं, पण भाजी घ्यायला गेलो की लोक थांबवून म्हणतात, ‘अहो, तुमचा तो गेल्या वर्षीचा किस्सा!’ नवीन आलो तेव्हा इंग्रजी सुधारावं म्हणून रात्री टीव्हीवर जॉनी कार्सनचा विनोदी गप्पांचा शो बघायचो, पुढे लेटरमनचा. मंचावर उभं कसं राहायचं, कुठे थांबायचं, हे मी त्या दोघांकडून उचललं.

आता ६५ पूर्ण झाली. कार्यकारिणी म्हणते, या दिवाळीत जाहीर करा आणि तुमच्यानंतर कोण तेही तुम्हीच सांगा. दोन नावं आहेत. एक बाई गेली १४ वर्षं माझ्या जोडीला उभ्या असतात. मला ताप होता त्या वर्षी त्यांनी एकटीनं कार्यक्रम तारून नेला. दुसरा इथेच वाढलेला २७ वर्षांचा मुलगा. ‘तो दिवाळी’ आणि ‘ती फराळ’ म्हणतो, पण लोक पोट धरून हसतात. लेटरमनच्या जागी आलेल्या स्टीफन कोल्बेअरचा शो बंद होणार हे वाचल्यापासून मला झोप नीट नाही. कोणाचं नाव सांगू? आणि पुढच्या वर्षी मी पहिल्या रांगेत बसलो तर चालेल ना?

– एक निवेदक, एडिसन

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काय विचारलंय ते कळावं म्हणून, दुसऱ्यांदा काय विचारायचं टाळलंय ते शोधायला. ‘मी दमलोय’ असं त्यात कुठंही नाही. ‘मला आता थांबायचंय’ हेही नाही. ‘कार्यकारिणी म्हणते’ मात्र आहे. मग खरं सांगा, तुम्ही निवृत्ती जाहीर केलीत, सभागृह क्षणभर गप्प झालं आणि मागून कोणीतरी ओरडलं, ‘नाही नाही, तुम्हीच पाहिजे!’ – हे चित्र मनातल्या मनात किती वेळा रंगवलंत? रंगवलं असेल तर लाजू नका. पण मग या दिवाळीत काही जाहीरही करू नका. आपली माणसं भाबडी असतात, खरंच ओरडतील. तुम्ही खरंच थांबाल. आणि त्या बाईंची आणखी पाच वर्षं तुमच्या डाव्या हाताला उभं राहण्यात जातील.

कार्सनचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते. १९९२ च्या मे महिन्यात मी न्यू जर्सीतच होते. वहिनीचं बाळंतपण होतं, आई विमानात बसायला तयार नव्हती, म्हणून माझी रवानगी झाली. भाऊ रात्री साडेअकराला टीव्ही लावायचा. बाळ उठू नये म्हणून आवाज इतका बारीक, की हसणं तेवढं ऐकू यायचं, विनोद नाही. तसा माझ्या इंग्रजीला विनोद पोचतही नव्हताच. पण २१ मेची रात्र लक्षात आहे. गायिका बेट मिडलर आली होती. ती गात होती आणि कॅमेरा असा लावला होता की गाणारी ती आणि ऐकणारा कार्सन दोघं एका चौकटीत. त्याचे डोळे भरून आलेले. भाऊ म्हणाला, ‘उद्या शेवटचा.’ उद्या, म्हणजे २२ मेला, पाहुणा कोणी नव्हताच. समोर घरची माणसं आणि बरोबर काम केलेली माणसं. उंच स्टुलावर बसून तो बोलला, जुने तुकडे दाखवले, निरोप घेतला. १९६२ च्या ऑक्टोबरपासून चालवलेला ‘द टुनाइट शो’ ३० वर्षांनी असा सुटला.

ती रात्र सगळ्यांनाच आठवते. मला विचाराल तर त्याच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची तेरा वर्षं जास्त बघण्यासारखी आहेत.

आधीचं वर्ष असं: १९९१ च्या मेमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्सनच्या एनबीसी चॅनेलशी जोडलेल्या टीव्ही स्टेशनवाल्यांचा मेळावा होता. तिथे कार्सननं स्वतःच सांगून टाकलं की अमुक तारखेला मी थांबतोय. चॅनेलची मोठी माणसंसुद्धा चाट पडली. त्यानं तारीख दिली आणि तो गप्प बसला. वारस कोण, हे काही तो बोलला नाही.

वारस ठरवताना पुढे जे रामायण झालं ते तुम्ही तिथे बसून पाहिलंच असेल. डेव्हिड लेटरमन १९८२ पासून कार्सनच्या पाठोपाठ साडेबाराला यायचा. ती खुर्ची आपली, असं तो धरून चालला होता आणि बरेच लोकही. दुसरा विनोदवीर, जे लेनो, १९८७ पासून कार्सन सुट्टीवर असला की बदली बसायचा. खुर्ची लेनोला मिळाली, तरी ती त्याच्याकडेच ठेवायची की लेटरमनला द्यायची, याची चर्चा एनबीसीचे अधिकारी फोनवर करत होते, तेव्हा हा लेनो शेजारच्या अडगळीच्या खोलीत लपून सगळं ऐकत होता! ही दंतकथा नाही, त्यानं पुढे स्वतः कबूल केलेलं आहे. त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात कष्टाळू विनोदवीर, आणि आपलं काय ठरतंय हे कळायला त्याला अंधारात दाराला कान लावावा लागतो. खुर्ची लेनोकडेच राहिली. लेटरमन रुसून, पण रुबाबात, सीबीएस या दुसऱ्या चॅनेलकडे गेला आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं ‘द लेट शो’ सुरू केला.

तुमच्या मंडळात अडगळीची खोली म्हणजे व्हॉट्सअॅपचे उपगट. दिवाळीच्या आधी तीन आठवडे कोणत्या गटात काय चालतं ते मला सांगायला नको.

म्हणून पहिलं काम हे करा. नाव सांगण्याची जबाबदारी कार्यकारिणीनं तुमच्या गळ्यात मारली आहे, ती परत त्यांच्या गळ्यात घाला. तुम्ही नाव सांगितलंत तर निवडून आलेला माणूस आयुष्यभर ‘काकांचा माणूस’ राहील आणि न निवडलेला आयुष्यभर तुमच्याशी जेमतेम बोलेल. निवड त्यांची, तारीख तुमची. पण त्या बाईंशी तुम्ही बोलायचं. समक्ष, चहा घेत, कार्यकारिणीच्या बैठकीच्या आधी. हे काम दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

का, ते विनोदी कलाकार जोन रिव्हर्सकडून घ्या. १९८३ पासून ती कार्सनची कायमची बदली होती, म्हणजे लेनोच्याही आधी. तुमच्या या बाईंसारखीच. कार्सन रजेवर असला की तीच बसायची आणि लोक बघायचेही. १९८६ च्या सुमारास तिला चॅनेलची एक यादी दिसली, कार्सन गेला तर कोणाकोणाचा विचार करायचा त्याची. तिनं पुढे सांगितलं त्याप्रमाणे यादीत दहा नावं होती, सगळी पुरुषांची. तिचं नव्हतं. ती उठली आणि फॉक्स चॅनेलवर स्वतःचा शो घेऊन गेली. कार्सनला तिनं ते आधी सांगितलं नाही की त्यानं ऐकून घेतलं नाही, यावर दोन्ही बाजूंच्या आपापल्या कहाण्या आहेत. पण तिनं फोन केला आणि त्यानं ठेवून दिला, एवढं खरं. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही. ‘द टुनाइट शो’चं दार तिला २०१४ मध्ये तिथल्या नव्या सूत्रसंचालकानं, जिमी फॅलननं, उघडलं. २८ वर्षांनी! त्याच वर्षी ती गेली.

आता मला सांगा, १४ वर्षांत या बाईंना कोणी एकदा तरी विचारलंय का, की तुम्हाला मुख्य निवेदन करायला आवडेल का? तुमच्या पत्रात त्या ‘तारून नेतात’. म्हणजे गाडी घसरली की त्यांची आठवण. शिवाय माझा अंदाज सांगते, चुकला तर कळवा: उत्तरार्धाचं निवेदन त्या लिहून आणतात, कलाकारांची नावं बरोबर उच्चारली जावीत म्हणून आदल्या दिवशी त्या फोन करतात, आणि तुम्ही मंचावर किस्सा सांगत असता तेव्हा विंगेत तबल्याचा माइक लागला का ते त्या बघत असतात. सूत्रसंचालन शब्दातलं ‘सूत्र’ कोणाच्या हातात आहे मग?

माझं मत विचारलंत, तर बाईंना द्यावं. घोळ घालत नाही. पण हे मत कार्यकारिणीला माझं म्हणून सांगा, तुमचं म्हणून नको.

आणि तो मुलगा? त्याचा मला मोह पडला, हेही लपवत नाही. ‘ती फराळ’ ऐकून मी एकटीच हसले स्वयंपाकघरात. त्याला दहा मिनिटं द्या, पूर्ण त्याची. त्याचं लिंग-वचन सुधारायला जाऊ नका. तुमच्या सभागृहात खुर्च्यांवर बसलेल्या निम्म्या पोरांच्या घरी तशीच मराठी बोलली जाते. त्याला ‘उपनिवेदक’ असलं काही नाव देऊन बाईंच्या डाव्या हाताला मात्र उभं करू नका. एक १४ वर्षं पुरे झाली.

लेनोच्या पहिल्या रात्रीबद्दल एक सांगायचं राहिलं. २५ मे १९९२ ला तो पहिल्यांदा मालक म्हणून उभा राहिला आणि त्यानं कार्सनचं नावसुद्धा घेतलं नाही. तीन दिवसांपूर्वी अख्खा देश रडलेला, आणि याच्या तोंडून चकार शब्द नाही. त्याच्या मॅनेजर बाईंचा तसा हट्ट होता, असं पुढे बाहेर आलं. लेनोलाही त्याची चुटपुट लागून राहिली. त्यामुळे तुमच्या जागी जे कोण येईल त्यांना एवढं सांगायला हरकत नाही: पहिल्या कार्यक्रमात माझं नाव एकदा घ्या. दुसऱ्यांदा घेऊ नका.

जायचं कसं नाही, तेही लेनोनंच दाखवलंय. २००४ मध्ये एनबीसीनं जाहीर केलं की २००९ मध्ये लेनो उतरेल आणि कोनान ओब्रायन हा विनोदवीर बसेल. पाच वर्षं आधी! आपल्याकडे साखरपुडा आणि लग्न यांत सहा महिने गेले तरी विहिणी एकमेकींचं तोंड बघेनाशा होतात. कोनान बिऱ्हाड आवरून, सगळ्या चमूला घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आला. १ जून २००९ ला त्यानं सुरुवात केली. पण चॅनेलला लेनो सोडवेना आणि लेनोला पडदा सोडवेना, म्हणून त्याला रात्री दहाचा वेगळा शो दिला. तो चालला नाही. त्याच्यामागून लागणाऱ्या स्थानिक बातम्यांचे प्रेक्षक घटले, स्टेशनवाले ओरडले, आणि २०१० च्या जानेवारीत तोडगा निघाला तो असा: लेनो परत ११.३५ ला अर्धा तास, कोनान बारा वाजून गेल्यावर. कोनान म्हणाला, मध्यरात्रीनंतरचा ‘टुनाइट’ कसला? उठून गेला. २२ जानेवारीला त्याचा शेवटचा भाग झाला, जेमतेम आठ महिने. १ मार्चला लेनो पुन्हा त्याच खुर्चीत.

सभ्य माणूस होता हो. कोणाचं वाईट चिंतणारा नव्हता. फक्त तो दहा वाजता तिथे होता.

हे मी तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी सांगितलं. पहिल्या रांगेत बसलो तर चालेल का? नाही चालणार.

एके काळी आमच्या गावच्या व्याख्यानमालेत वक्त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याआधी २२ वर्षं एक सर ते करायचे. गाव सांगत नाही, सरांचं नाव तर नाहीच. सर पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसायचे. टाळी पहिली त्यांचीच. एकदा बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. त्यांचे ओठ हलत होते. माझंच वाक्य ते मनात म्हणत होते, माझ्यापेक्षा अर्धा शब्द पुढे. ‘आजचे आपले...’ मी म्हणायच्या आत त्यांच्या ओठांवर ‘...प्रमुख वक्ते’ येऊन गेलेलं. त्या क्षणी मी वक्त्याचं आडनाव विसरले. सभागृहात शांतता. मग पहिल्या रांगेतून एक घडी घातलेली चिठ्ठी वर आली, त्यावर आडनाव, सुंदर अक्षरात. सगळे कौतुकानं हसले. मला तो मालिकेचा उरलेला आठवडा पोटात गोळा घेऊन काढावा लागला. सरांच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चिडायला जागाच नाही, ही खरी पंचाईत.

कार्सन कसा गेला ते बघा. निवृत्तीनंतर तो पडद्यावर जवळजवळ दिसलाच नाही. १९९४ च्या मेमध्ये लेटरमनचा शो आठवडाभर लॉस एंजेलिसला होता, तेव्हा एकदा आला. लेटरमनच्या टेबलाशी जाऊन बसला, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, वाजवतायत. एक शब्द न बोलता तो उठला आणि निघून गेला. लेनोकडे गेला नाही, हे ज्यांना समजायचं त्यांना समजलं. पुढे २००५ च्या जानेवारीत तो वारला तेव्हा कळलं, की घरी बसून विनोद सुचले की तो ते लेटरमनला पाठवत असे आणि लेटरमन ते आपल्या मोनोलॉगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या विनोदी भाषणात, घालत असे. प्रेक्षकांना पत्ता नाही. त्या महिनाअखेरीस लेटरमननं एक अख्खा मोनोलॉग कार्सनच्याच विनोदांचा केला.

लेटरमन स्वतः याहून झटपट सुटला. ३ एप्रिल २०१४ ला त्यानं शोमध्येच सांगितलं की पुढच्या वर्षी थांबतो. मुलाबरोबर मासे पकडायला गेला असता एक पक्षी दिसला आणि तो पक्षी कोणता हे शोधण्यात ऑफिसातला दिवस गेला, तेव्हाच आपलं मन शोमधून उठलंय हे त्याला उमगलं, असं काहीसं तो म्हणाला. एका आठवड्यात, १० एप्रिलला, सीबीएसनं कोल्बेअरचं नाव जाहीर केलं. उपगटांना वेळच मिळाला नाही! २० मे २०१५ ला लेटरमनचा शेवटचा भाग झाला, दोन्ही चॅनेलवरचे मिळून ३३ वर्षांचे सहा हजारांवर भाग. पुढे तो आपल्याच जुन्या थिएटरात पाहुणा म्हणून आला तो थेट २०२३ च्या नोव्हेंबरात.

तुम्हाला मुजीबुर आणि सिराजुल आठवत असतील. लेटरमनचा शो जिथे व्हायचा त्या एड सलिव्हन थिएटरजवळच्या भेटवस्तूंच्या दुकानातले ते दोघं बांगलादेशी. लेटरमननं कॅमेरा त्यांच्या गल्ल्यापर्यंत नेला आणि देशभर लोक त्यांना ओळखू लागले. भारतातून पाहुणे आले की माझा भाऊ त्यांना स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याआधी ते दुकान दाखवायचा. कोल्बेअरनं थिएटर तेच ठेवलं, पण लेटरमनचे खेळ चालवायला घेतले नाहीत. इतकंच काय, आधीच्या शोमध्ये नऊ वर्षं वठवलेलं स्वतःचं गाजलेलं सोंगही उतरवून तो आला. सुरुवातीला चाचपडला. प्रेक्षकसंख्येत फॅलनच्या मागे होता. पुढे जाईपर्यंत २०१७ उजाडलं. तुमचे वडे तळणाऱ्या काकांवरचे किस्से, पार्किंगवरचं ते दरवर्षीचं वाक्य, हे सगळं तुमच्याबरोबर जाऊ द्या. वही करून बाईंच्या हातात देऊ नका. आणि पहिल्या दिवाळीनंतर कोणी कानाशी येऊन म्हणालं, ‘तुमच्यासारखी मजा नाही हो आली,’ तर गाडी कुठे लावलीय ते विचारा आणि चालू लागा.

राहिली तुमची झोप. २०२५ च्या जुलैत सीबीएसनं सांगितलं की मे २०२६ मध्ये ‘द लेट शो’ बंद. कोल्बेअरच्या जागी दुसरा कोणी नाही, खुर्चीच काढून टाकायची. कारण पैशाचं दिलं. राजकारणाचा वास अनेकांना आला, तो विषय आज नको. तुम्हाला धास्ती वाटते ती अशी, की आपल्यानंतर कोण हा प्रश्नच उरला नाही तर? तर तेही होऊ शकतं. लोक आता रात्री साडेअकराला वाट बघत नाहीत, सकाळी फोनवर चार मिनिटांचा तुकडा बघतात. तुमच्या मंडळातही दोन नाचांच्या मधे पडद्यामागे सामान लावेपर्यंत किस्सा हवा असतो. उद्या कोणी म्हणालं की तेवढ्यात पडद्यावर मुलांचे फोटो दाखवू, तर बाई काय करतील ते त्यांना ठरवू द्या. तो तुमचा कार्यक्रम नसेल.

तेव्हा तारीख सांगा, बाईंना आधी चहाला बोलवा, आणि कार्यकारिणीला पत्र द्या, दोन ओळींचं. माइकवर भाषण नको, ते तुम्हाला फार चांगलं जमेल.

पुढच्या दिवाळीला जरूर जा. शाळेच्या त्या सभागृहाबाहेर जेवणाच्या कुपनांचं टेबल असतं ना, तिथे बसायला दरवर्षी माणूस मिळत नाही. तिथे बसा. तिथून टाळ्या ऐकू येतात, मंच दिसत नाही. मधेच एखादा विनोद सुचलाच तर बाईंना फोनवर पाठवून द्या. त्यांनी तो वापरला का, हे घरी जाताना कोणाला विचारू नका.

– तुमची ताई